स्पॅनिशभाषक बालकांसाठी ग्रंथालयीन पूर्वसाक्षरता कार्यक्रम (अमेरिका)

घरी स्पॅनिश बोलणारी, अजून शाळेत न जाणारी मुले आणि त्यांना सांभाळणारी माणसे यांच्यासाठी अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये गोष्टी, गाणी व खेळांचे मोफत वर्ग घेतात. स्पॅनिशमध्ये त्यांना ‘ओरा देल कुएन्तो’, म्हणजे गोष्टीचा तास, म्हणतात. येथे अक्षरे गिरवून घेत नाहीत. कानावर भरपूर शब्द पडावेत, पुस्तक हाताळायची सवय लागावी आणि हे घरच्याच भाषेत व्हावे, एवढाच हेतू असतो.

या कामाची सुरुवात पुरा बेलप्रे यांच्यापासून सांगावी लागते. मूळच्या प्वेर्तो रिको या स्पॅनिशभाषक बेटावरच्या बेलप्रे १९२१ मध्ये न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या हार्लेममधील शाखेत रुजू झाल्या. लहानपणी ऐकलेल्या गोष्टी तिथल्या कपाटांत सापडेनात, तेव्हा त्या स्वतःच सांगू लागल्या. स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्हींत, पुढे हातात बाहुल्या घेऊन. मार्तिना नावाचे झुरळ आणि पेरेस उंदीर यांची त्यांची गोष्ट १९३२ मध्ये छापून आली. त्यांच्या नावाचा बालसाहित्य पुरस्कार १९९६ पासून दिला जातो. त्याच वर्षी कवयित्री पॅट मोरा यांनी मेक्सिकोच्या बालदिनाला, ३० एप्रिलला, पुस्तकांचाही दिवस करण्याची कल्पना मांडली. आज अनेक ग्रंथालये तो साजरा करतात.

वर्गात मुले मोठ्यांच्या मांडीवर बसतात. गोष्ट संपली की ‘कोलोरीन कोलोरादो’ असे यमक जुळवून ती संपल्याचे सांगायचे, जसे आपल्याकडे ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’. स्पॅनिश वाचन परंपरेने मा-मे-मी-मो-मू असे शब्दांचे तुकडे पाडून शिकवतात. बाराखडी घोकलेल्या माणसाला ते लगेच ओळखीचे वाटेल. म्हणूनच इंग्रजी वर्गाचा नुसता अनुवाद येथे फिका पडतो. कोडी, जीभ वळवणारी वाक्ये, टाळ्यांची गाणी स्पॅनिशमधलीच हवीत. एका भाषेत कान तयार झाला की दुसरी वाचताना त्याचा उपयोग होतो. त्यामुळे ‘घरी इंग्रजीच बोला’ हा पालकांना सर्रास मिळणारा सल्ला चुकीचा आहे.

खरे शिक्षण मोठ्यांचेच असते. बोलणे, गाणे, वाचणे, लिहिणे, खेळणे या पाच गोष्टी रोज घरी कशा कराव्यात, हे अमेरिकेतील ग्रंथपाल संघटनांनी आखलेल्या उपक्रमात त्यांना दाखवतात. आजीला वाचता येत नसेल तर तिने चित्रे पाहून गोष्ट सांगावी. तेही चालते, किंबहुना छान चालते.

लोक दाराशी अडतात ते साध्या कारणांनी. स्पॅनिशमध्ये ‘लिब्रेरिया’ म्हणजे पुस्तकांचे दुकान, ग्रंथालय म्हणजे ‘बिब्लिओतेका’; इंग्रजी नाव ऐकून घोटाळा होतो. पुस्तक फुकट घरी नेता येते, यावर पटकन विश्वास बसत नाही. कार्डासाठी पत्त्याचा पुरावा मागितला की काही कुटुंबे माघारी फिरतात. शिवाय ‘स्पॅनिशभाषक’ म्हणून नोंदलेल्या घरांत मेक्सिकोतील ओआहाका राज्याची मिश्तेक किंवा ग्वातेमाला देशाची किचे अशा तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषा बोलणारीही असतात. स्पॅनिश ही त्यांची दुसरी भाषा. तिच्यात छापलेले पत्रक त्यांच्यापर्यंत पोचत नाही.