जबड्यासाठी कमरेचं हाड काढलं की माणूस कायमचा लंगडतो?

नाही. हा समज बहुधा खुब्याच्या सांध्याशी झालेल्या गोंधळातून आला. जबड्याच्या कलमासाठी, म्हणजे जबड्यात बसवायला, हाडाचा तुकडा घेतात तो कमरेवर हात ठेवला की बोटांना लागणाऱ्या कडेतून. शरीराचा भार त्या कडेवरून जातच नाही. तो मणक्यातून माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड आणि कमरेचं हाड यांच्यामधल्या सांध्यामार्गे खुब्यात उतरतो.

मग सुरुवातीला लंगडायला का होतं? कडेला मांडीचे आणि नितंबाचे स्नायू चिकटलेले असतात. ते बाहेरच्या बाजूने सोडवले तर चाल जास्त बिघडते, म्हणून बरेच सर्जन आतल्या बाजूने हाड घेतात. बहुतेकांना दोन-तीन आठवडे चालताना दुखतं. गंमत म्हणजे या काळात जबड्यापेक्षा कंबरच जास्त ठणकते. काठी विरुद्ध हातात धरावी, जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा.

खरी काळजी वेगळीच. कडेच्या पुढच्या टोकाजवळून मांडीच्या बाहेरच्या भागाची संवेदना देणारी नस जाते. ती ताणली गेली तर तिथे बधिरपणा किंवा जळजळ होते. बहुधा काही महिन्यांत ओसरते, क्वचित कायम राहते. हाड या टोकाच्या फार जवळून घेतलं, तर स्नायूंच्या ओढीने टोकच तुटू शकतं. म्हणून साधारण सहा आठवडे धावणं, उड्या, जड उचलणं बंद. चालताना अचानक ‘कट्’ आवाज होऊन तीव्र कळ आली, जखमेपाशी फुगवटा वाढत गेला किंवा ताप-पू दिसला, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा.