ग्लेनशीन: तांबड्या मातीतून उभा राहिलेला वाडा

अमेरिकेतल्या डुलुथ शहरात, सुपीरियर सरोवराच्या अगदी काठावर ग्लेनशीन हा वाडा आहे. त्याचं नाव निघालं की बोलणं लगेच तिथे १९७७ मध्ये झालेल्या दोन खुनांकडे वळतं. मला याची हळहळ वाटते, कारण वाड्याची खरी गोष्ट उत्तरेकडच्या मेसाबी पट्ट्यातल्या तांबड्या मातीपासून सुरू होते.

१८९० मध्ये मेरिट बंधूंना तिथे लोहखनिज सापडलं. ते इतकं भुसभुशीत आणि जमिनीच्या इतकं वरच्या थरात होतं, की बऱ्याच ठिकाणी वाफेवरच्या यंत्रांनी उकरून थेट वॅगनमध्ये भरता येई. तिथून ते रेल्वेने सरोवराच्या धक्क्यावर आणि पुढे जहाजाने पोलादाच्या भट्ट्यांकडे जाई. १८९२ मध्ये पिट्सबर्गचे उद्योगपती हेन्री ऑलिव्हर डुलुथला आले आणि पुढे हा वाडा बांधणारे चेस्टर काँगडन त्यांचे वकील झाले. जमिनीचे पट्टे आणि करारमदार सांभाळता सांभाळता काँगडन स्वतःच खाणधंद्यात उतरले. १९०१ मध्ये ऑलिव्हर यांची खाण कंपनी यू. एस. स्टील या बड्या पोलाद कंपनीत गेली आणि काँगडन यांच्या हाती अफाट पैसा आला. पश्चिम मेसाबीतलं खनिज वाळूमिश्रित, म्हणून लोक त्याकडे पाठ फिरवत. तिथल्या जमिनीही त्यांनी घेऊन ठेवल्या. पुढे ते खनिज धुऊन वापरता येऊ लागलं आणि त्या जमिनींचं सोनं झालं.

१९०५ मध्ये वाड्याचं काम सुरू झालं, १९०८ मध्ये काँगडन कुटुंब राहायला आलं. वास्तुरचनाकार होते क्लॅरेन्स जॉन्स्टन. ३९ खोल्या, सोबत तबेला, काचगृह, माळ्याचं घर, होड्यांसाठी बोटघर. खर्च ८,५४,००० डॉलर. एवढ्या थाटात माझा जीव मात्र न्याहारीच्या खोलीत अडकतो. हिरव्या चकचकीत फरशा, सायप्रस झाडाच्या लाकडाचं काम आणि खिडकीबाहेर सरोवर. मिनियापोलिसचे जॉन ब्रॅडस्ट्रीट यांची ही रचना. लाकडाचा मऊ भाग काढून त्याच्या रेषा उठावदार करण्याची जपानी रीत त्यांनी आपलीशी केली होती.

चेस्टर यांना हे वैभव जेमतेम आठ वर्षं लाभलं. १९१६ मध्ये ते गेले. पत्नी क्लारा १९५० पर्यंत इथेच राहिल्या, त्यांच्यानंतर धाकटी मुलगी एलिझाबेथ. १९६८ मध्ये वाडा मिनेसोटा विद्यापीठाला देण्यात आला, पण एलिझाबेथ यांचा हयातभर राहण्याचा हक्क राखून. २७ जून १९७७ च्या पहाटे, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांचा त्यांच्याच खोलीत खून झाला. रात्रपाळीच्या परिचारिकेलाही जिन्यात ठार मारलं गेलं. एलिझाबेथ यांच्या दत्तक मुलीच्या नवऱ्याला शिक्षा झाली, पुढे ती रद्द झाली आणि १९८३ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. ती मुलगी मात्र खटल्यातून निर्दोष सुटली.

१९७९ पासून वाडा लोकांसाठी खुला आहे. कित्येक वर्षं तिथले मार्गदर्शक खुनांविषयी बोलत नसत. लाकूडकाम, फर्निचर, बाग एवढंच दाखवत. पाहुणे मात्र जिन्यापाशी आले की हळूच विचारायचेच.