२१४७४८३६४७ (संख्या)

२,१४,७४,८३,६४७, म्हणजेच दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस, ही मूळ संख्या आहे. २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केला की ती मिळते. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिली तर ओळीने ३१ वेळा १. अशा रूपाच्या मूळ संख्यांना फ्रेंच गणिती मेर्सेन यांचे नाव आहे, आणि लहानापासून मोजल्यास ही त्यांतली आठवी.

घातांक मूळ असला की संख्याही मूळ निघतेच असे नाही. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ती २३ × ८९ आहे. इटलीचे गणिती कातालदी यांनी २३, २९, ३१ आणि ३७ हे चारही घातांक चालतात असे म्हटले होते. टिकला फक्त ३१.

त्याची सिद्धता स्विस गणिती ऑयलर यांनी १७७२ मध्ये गणिती बर्नुली यांना पत्राने कळवली. तेव्हा त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. या संख्येचे वर्गमूळ ४६,३४० पेक्षा किंचित मोठे. तिथपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचे तर हजारो भागाकार. ते टाळण्याची युक्ती फार सुंदर आहे. समजा मूळ संख्या क हिने ही संख्या भागली जाते. मग २ च्या ३१ व्या घाताला क ने भागल्यास बाकी १ उरते, आणि ३१ मूळ असल्याने क − १ ला ३१ ने भाग जायलाच हवा. शिवाय २ चा ३२ वा घात हा १६ व्या घाताचा वर्ग आहे आणि त्याची बाकी २ येते, म्हणजे क च्या दृष्टीने २ हा वर्ग ठरतो. त्यामुळे क ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ च उरू शकते. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ बाकी देणाऱ्या संख्याच उरतात. तपासायच्या अशा संख्या ३७३, आणि त्यांतल्याही कित्येक मूळ नाहीत. एकानेही भाग जात नाही.

या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणले की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःहून लहान सर्व भाजकांच्या बेरजेइतकी संख्या, मिळते. याहून मोठी परिपूर्ण संख्या कधीच सापडणार नाही, असे इंग्रज गणिती बार्लो यांनी १८११ मध्ये लिहिले. १८७६ मध्ये फ्रेंच गणिती ल्युका यांनी २ चा १२७ वा घात वजा १ ही संख्या मूळ असल्याचे दाखवले; तिच्यापासूनही अशीच, पण मोठी परिपूर्ण संख्या मिळते, आणि तो अंदाज मोडला.

संगणकात ३२ बिटांच्या (० किंवा १ च्या ३२ जागांच्या) चिन्हयुक्त, म्हणजे धन किंवा ऋण असू शकणाऱ्या, पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्याही हीच, कारण एक बिट चिन्हासाठी जातो. १९७० च्या आरंभापासून सेकंद मोजणारी संगणकांतली जुनी ३२ बिटी घड्याळे त्यामुळे १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी या मर्यादेला पोहोचतील.

मूळपणा आणि बिटांची मर्यादा हे दोन्ही गुण एकाच वेळी उपयोगी पडतात ते यादृच्छिक, म्हणजे ठरावीक क्रम न दिसणाऱ्या, संख्या बनवताना. १ पासून सुरुवात करून दरवेळी १६८०७ ने गुणायचे आणि २१४७४८३६४७ ने भागून बाकी घ्यायची: १ ते २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या बरोबर एकदा येते, मगच फेरा पुन्हा सुरू होतो, आणि एकही बाकी ३१ बिटांबाहेर जात नाही.