खाण बुजवताना वाऱ्याकडेही बघा

१९८९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात हायबर्निया या जुन्या लोखंडाच्या खाणीचं तोंड बंद केलं गेलं. हेतू चांगलाच होता. सोडून दिलेल्या खाणीत माणसं पडतात, गुदमरतात. पण आत राज्यातली वटवाघळांची सगळ्यात मोठी वसाहत शीतनिद्रेत होती. जीवशास्त्रज्ञांनी सरकारच्या मागे लागून तोंड पुन्हा उघडायला लावलं, म्हणून ती वाचली.

शीतनिद्रेत वटवाघळाचं अंग जवळपास खडकाइतकं थंड होतं. अंगावरची दोन-तीन ग्रॅम चरबी वसंतापर्यंत पुरवायची असते. मधेच जाग आली की त्यातली बरीच जळते. २००६ पासून अमेरिकेत पसरलेल्या ‘पांढरं नाक’ रोगानं लाखो वटवाघळं मेली, तीही अशीच : बुरशी झोप मोडत राहते, चरबी हिवाळा सरायच्या आधीच संपते.

खडक थंड राहिला तरच चरबी पुरते, म्हणून खाणीतला गारवा महत्त्वाचा. खाणीला वर-खाली दोन तोंडं असली, की हिवाळ्यात आतली उबदार हवा वरून निघते आणि खालून थंड हवा ओढली जाते. यातलं एकच बुजवलं तरी हा वारा थांबतो, खाण उबदार होते. ‘एक वाट ठेवलीय की!’ हे उत्तर मला म्हणूनच पटत नाही.

उपाय म्हणजे गजांचं फाटक. आडवे लोखंडी अँगल, दोहोंमधली फट साधारण पावणेसहा इंच, उभे खांब लांब लांब. वारा खेळतो, वटवाघूळ उडत निघून जातं, माणूस अडतो. मिशिगनमधल्या मिली हिल खाणीचं तोंड उभ्या विहिरीसारखं, तिथे वरून पिंजराच बसवलाय. हे सगळ्यांना मानवत नाही, बरं का. थव्यानं झेपावणाऱ्या मेक्सिकन फ्री-टेल्ड वटवाघळांना फाटक चालत नाही.

बुजवणं अटळच असेल, तर आधी आत कोण आहे ते पाहायचं, तेही उन्हाळा आणि हिवाळा दोन्हींत. उन्हाळ्यात रिकामी दिसलेली खाण हिवाळ्यात भरलेली असू शकते. मग तोंडावर कोंबडीजाळी लावतात. बाहेर पडताना वटवाघळं तिच्या भोकांतून सरपटत निघतात, परतताना बहुतेक आत शिरत नाहीत. हे काम शीतनिद्रेच्या काळात करायचं नाही आणि पिल्लं उडायला लागण्याआधीही नाही. बहुतेक जातींत मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. एक वसाहत गेली, तर ती भरून यायला दशकं लागतात.