रेल्वे फाटकावर गाडी अडून राहिली तर: गोव्यात तक्रार कशी, कुठे आणि कोणत्या कागदांनिशी करावी

वास्को ते कुळे या मार्गाच्या कडेला राहणाऱ्यांना फाटक पडणं नवं नाही. गाडी येते, जाते, फाटक उघडतं. त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नसतं. त्रास होतो तो मालगाडी रस्त्यावरच थांबते तेव्हा. डबे फाटकाच्या मधोमध उभे राहतात आणि पलीकडच्या वाड्याचा संबंध तुटतो. शाळेची बस, पाववाला, डायलिसिससाठी निघालेला पेशंट, सगळे एकाच रांगेत अडकतात. कधी तर गाडीचा पत्ताच नसतो आणि फाटक मात्र बंद असतं. लोक गेटमनवर ओरडतात, व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकतात. गाडी हलली की विषय संपतो आणि पुढच्या आठवड्यात तेच घडतं. कायद्याने याची दखल घेतलेली आहे, पण ती वापरायची तर तक्रार नीट बांधावी लागते.

कायदा नेमकं काय म्हणतो

रेल्वे अधिनियम 1989 चं कलम 176 याच प्रकारासाठी आहे. रेल्वे कर्मचाऱ्याने विनाकारण डबे किंवा इंजिन सार्वजनिक रस्त्याच्या फाटकावर आडवं उभं राहू दिलं, किंवा विनाकारण फाटक लोकांसाठी बंद ठेवलं, तर त्याला 100 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कैद नाही. ही रक्कम वाचून पुष्कळांना वाटतं की मग तक्रार करून उपयोग काय. उपयोग आहे. नोंद झालेली तक्रार रेल्वेच्या संचालन विभागाला लेखी खुलासा द्यायला लावते आणि कर्मचाऱ्याच्या शिस्तभंग चौकशीचा पाया ठरू शकते. भारतीय रेल्वेच्या कर्मचाऱ्यांना 1968 चे शिस्त व अपील नियम लागू आहेत. त्यात ताकीद, वेतनवाढ रोखणं इथपासून पदावनती आणि बडतर्फीपर्यंतच्या शिक्षा आहेत. नोकरदार माणसाला 100 रुपयांच्या दंडापेक्षा रोखलेली वेतनवाढ कितीतरी महाग पडते.

बेपर्वाईमुळे कुणाचा जीव धोक्यात आला असेल तर कलम 175 लागू शकतं. ड्युटीवरच्या कर्मचाऱ्याने नियम किंवा आदेश मोडून, अथवा निष्काळजीपणे वागून कुणाची सुरक्षितता धोक्यात आणली, तर दोन वर्षांपर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी येत असताना फाटक उघडं ठेवणं हे याचं सरळ उदाहरण. नुसत्या खोळंब्यासाठी मात्र 175 लावा असा हट्ट धरू नये, अर्ज तिथेच कमकुवत होतो.

कलम 176 चा सगळा भार ‘विनाकारण’ या एका शब्दावर आहे. सिग्नल लाल असेल तर लोको पायलटला गाडी पुढे नेताच येत नाही, मग मागचे डबे फाटकावर असोत की पुलावर. गेटमनही मनाला येईल तेव्हा फाटक उघडत नाही. स्टेशन मास्तरशी फोनवर खासगी क्रमांकाची, म्हणजे संदेश पक्का झाल्याची खूण म्हणून दिल्या-घेतल्या जाणाऱ्या आकड्याची, देवाणघेवाण झाल्यावरच त्याचं काम चालतं, आणि फाटक सिग्नलशी जोडलेलं असेल तर गाडी निघून जाईपर्यंत ते उघडतच नाही. कोळशाचा भरलेला रेक, म्हणजे मालडब्यांची अख्खी माळ, सहाशे मीटरहून लांब असतो. त्याला कुळ्याला घाट चढण्यासाठी जादा इंजिनं लावावी लागतात आणि पुढची लाइन मोकळी नसेल तर तो अलीकडच्या स्थानकांवर थांबतो. त्याचं शेपूट रस्त्यावर येणार हे गाडी आत घेणाऱ्याला आधीच ठाऊक असतं किंवा असायला हवं. गाडी तिथे उभी करण्याचा निर्णय कुणी, कोणत्या वेळी घेतला आणि दुसरा पर्याय होता का, हे प्रश्न तक्रारीने विचारायला हवेत. उन्हातान्हात केबिनमध्ये बसलेल्या गेटमनचं नाव टाकून मोकळं होणं सोपं आहे, पण तो बहुधा साखळीतला शेवटचा माणूस असतो. म्हणून तक्रार माणसाविरुद्ध लिहू नका, घटनेविरुद्ध लिहा. जबाबदार कोण ते चौकशीत ठरू द्या.

तक्रार कोण करू शकतं

अडलेला कुणीही. गोव्याचा रहिवासी असण्याची, तिकीट असण्याची किंवा वाहनमालक असण्याची अट नाही. पंचायत, शाळा किंवा निवासी संघटनाही करू शकते. तक्रारीला शुल्क नाही. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र भारतीय नागरिकालाच करता येतो.

पण न्यायालयात थेट जाता येत नाही, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. रेल्वे अधिनियमाच्या कलम 180फ नुसार 172 ते 176 या कलमांखालच्या गुन्ह्यांची दखल न्यायालय प्राधिकृत अधिकाऱ्याच्या फिर्यादीवरूनच घेतं. प्राधिकृत अधिकारी म्हणजे व्यवहारात रेल्वे सुरक्षा दलाचा, आरपीएफचा अधिकारी. वकील लावून प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे खासगी फिर्याद टाकली तर ती याच मुद्द्यावर परत येईल. त्यामुळे पहिला अर्ज आरपीएफकडेच गेला पाहिजे.

मुदतही लहान आहे. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 514 मध्ये सहा महिन्यांची मर्यादा आहे. आरपीएफलाही चौकशीला वेळ लागतो, म्हणून घटनेनंतर आठवड्याभरात अर्ज पोचवावा.

कोणते कागद जोडावेत

विहित नमुना नाही, साध्या कागदावर अर्ज चालतो. पण त्यात जागा अचूक हवी. ‘कासावलीचं गेट’ किंवा ‘चांदरचं फाटक’ एवढ्याने भागत नाही. प्रत्येक फाटकाला क्रमांक असतो आणि तो फाटकाजवळच्या फलकावर किंवा केबिनवर लिहिलेला असतो. शेजारच्या खांबावरचा किलोमीटरचा आकडाही टिपून घ्या. तारीख, फाटक बंद झाल्याची आणि उघडल्याची वेळ, गाडी उभी होती की फाटक रिकामंच बंद होतं, गाडीचं तोंड कुठल्या दिशेला होतं, इंजिनाचा क्रमांक दिसला असल्यास तो, हे सगळं लिहा. वेळ अंदाजाने लिहू नका, कारण रेल्वेच्या रजिस्टरशी ती ताडली जाणार आहे.

फोटो आणि व्हिडिओ हवेतच. त्यात फाटकाचा क्रमांक आणि उभे डबे एकाच चौकटीत दिसले तर उत्तम. मूळ फाइल फोनमध्येच जपून ठेवा. व्हॉट्सअपवरून फिरलेल्या प्रतीत वेळेची आणि जागेची माहिती बहुधा उरत नाही. प्रकरण न्यायालयात गेलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं आणि ते मूळ फोन ज्याच्याकडे आहे त्यालाच नीट देता येतं.

रुग्णवाहिका अडली असेल तर 108 च्या नोंदीतली वेळ आणि हॉस्पिटलात दाखल केल्याची वेळ असलेला कागद हा सगळ्यांत वजनदार पुरावा. मडगावच्या जिल्हा हॉस्पिटलात किंवा बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ) पेशंट पोचल्यावर घरच्यांना हे सुचणं कठीण असतं, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कुणीतरी हे काम अंगावर घ्यावं. शाळेचं पत्र, कामावर उशीर झाल्याची नोंद, दोन-तीन साक्षीदारांची नावं आणि सह्या यांचाही उपयोग होतो. रस्ता सार्वजनिक आहे का याबद्दल शंका काढली जाण्याची शक्यता असेल तर तो पंचायतीचा किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याचा असल्याचा पंचायतीचा दाखला घ्या. कलम 176 चा पहिला भाग सार्वजनिक रस्त्यापुरताच आहे. शेतात किंवा बागायतीत जाणाऱ्या खासगी वाटेचा प्रश्न वेगळ्या कलमांखाली येतो.

अर्ज कुठे द्यायचा

आधी मार्ग कुणाचा ते पाहा. गोव्यात दोन रेल्वे आहेत. वास्को, माजोर्डा, मडगाव, चांदर, सावर्डे, कुळे हा पूर्व-पश्चिम मार्ग दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागाकडे आहे. पेडणे, थिवी, करमळी, मडगाव, बाळ्ळी, काणकोण हा उत्तर-दक्षिण मार्ग कोकण रेल्वे महामंडळाचा. महामंडळ ही कंपनी असली तरी तिचे कर्मचारी रेल्वे अधिनियमाच्या व्याख्येत ‘रेल्वे कर्मचारी’च आहेत, त्यामुळे कलम 176 त्यांनाही लागू आहे. कोकण रेल्वेवर फाटकं तुलनेने कमी आहेत, म्हणून बहुतेक तक्रारी हुबळीकडे जाणाऱ्याच असतील. माजोर्डा ते मडगाव पट्ट्यात दोन्हींच्या गाड्या धावतात, तिथे फाटकाच्या क्रमांकावरून खात्री करून घ्या.

अर्जाची एक प्रत जवळच्या आरपीएफ ठाण्यावर द्या आणि स्वतःकडच्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. ठाण्यावर घेत नाहीत असं दिसलं तर स्पीड पोस्टाने पाठवा. दुसरी प्रत हुबळीच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना जाऊ द्या, किंवा मार्ग कोकण रेल्वेचा असेल तर कारवारच्या प्रादेशिक कार्यालयाला. तिसरी पंचायतीला. अर्ज मराठीत लिहिलात तरी हुबळीसाठी सोबत इंग्रजी प्रत जोडा, नाहीतर भाषांतरातच दिवस जातात.

सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर रेल्वे मंत्रालय निवडून तीच तक्रार टाका. तिथे 21 दिवसांत निपटारा करण्याचं बंधन 2024 पासून आहे. उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांत अपील करता येतं. 139 क्रमांक आणि रेलमदद ॲप मुख्यतः प्रवाशांसाठी आहेत, पण गाडी समोर उभी असताना 139 वर फोन करण्याचा एक फायदा असतो: त्याच क्षणाची नोंद रेल्वेच्याच यंत्रणेत पडते. मिळालेला संदर्भ क्रमांक अर्जात घाला. रुग्णवाहिका अडलेली असेल तर आधी गेटमनला शांतपणे सांगा, त्याच्याकडे स्टेशन मास्तरशी बोलायचा थेट फोन असतो.

माहिती अधिकाराने नोंदी हाती घ्या

खरी ताकद इथे आहे. फाटकावरच्या रजिस्टरमध्ये फाटक बंद-उघड झाल्याच्या वेळा आणि खासगी क्रमांक लिहिलेले असतात. स्थानकावर गाड्यांची वेळेसह नोंदवही असते. सिग्नलशी जोडलेल्या फाटकाची नोंद डेटा लॉगर यंत्रातही होते. या नोंदी कायम ठेवल्या जात नाहीत, म्हणून तक्रारीबरोबरच माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि मूळ तक्रारीतही ‘संबंधित नोंदी चौकशी पूर्ण होईपर्यंत जपून ठेवाव्यात’ हे वाक्य घाला.

शुल्क 10 रुपये. ऑनलाइन भरा किंवा पोस्टल ऑर्डर जोडा. दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ आहे. उत्तराची मुदत 30 दिवस, आणि त्यानंतर पहिलं अपील 30 दिवसांत. मजकूर असा ठेवता येईल: ‘फाटक क्रमांक अमुक येथे अमुक तारखेला सकाळी 7 ते 10 या वेळेतील गेट रजिस्टरच्या पानांची प्रत, त्याच वेळेतील लगतच्या स्थानकाच्या गाडी-नोंदवहीची प्रत, उपलब्ध असल्यास डेटा लॉगरची नोंद, या फाटकाला लागू असलेल्या कार्यपद्धतीच्या सूचनांची प्रत, आणि माझ्या अमुक तारखेच्या तक्रारीवर केलेल्या कार्यवाहीचा तपशील.’ ‘त्या कर्मचाऱ्याला काय शिक्षा झाली’ असं विचारू नका. कर्मचाऱ्याची शिस्तभंगाची कागदपत्रं वैयक्तिक माहिती म्हणून नाकारली जातात आणि त्या नकारात बाकीचा अर्जही रेंगाळतो.

स्वतः गुन्ह्यात अडकू नका

उभ्या मालगाडीच्या डब्यांखालून किंवा दोन डब्यांच्या जोडावरून पलीकडे जाणारी मुलं या पट्ट्यात दिसतात. कृपा करून त्यांना अडवा. गाडी कुठलीही सूचना न देता हलते. शिवाय कलम 147 खाली रेल्वेच्या हद्दीत बेकायदा शिरण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड आहे. बंद फाटक जबरदस्तीने उघडलं तर कलम 160 खाली तीन वर्षांपर्यंत आणि ते मोडलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रुळांवर बसून गाडी अडवली तर कलम 174. गेटमनच्या अंगावर धावून जाणं, त्याच्या कामात अडथळा आणणं हा कलम 146 खालचा गुन्हा आहे. फाटक अडवणाऱ्याला 100 रुपये आणि ते मोडणाऱ्याला पाच वर्षं, हे प्रमाण अन्यायाचं वाटतं आणि मलाही ते खटकतं. पण रागाच्या भरात केलेल्या एका कृत्याने गावाची सगळी तक्रार मागे पडते.

पुन्हा पुन्हा घडत असेल तर

एकट्याचे दहा अर्ज आणि ग्रामसभेचा एक ठराव यांत ठरावाचं वजन जास्त. ठरावात तारीखवार घटनांची यादी जोडा आणि त्याची प्रत आपल्या जिल्ह्याचे जिल्हाधिकारी, बांधकाम खातं, खासदार आणि रेल्वे यांना पाठवा. मागणी दोन टप्प्यांत ठेवा: सकाळी शाळेच्या आणि संध्याकाळी कामावरून सुटण्याच्या वेळी या फाटकावर मालगाडी उभी करू नये, आणि कायमचा उपाय म्हणून उड्डाणपूल किंवा भुयारी रस्ता. रेल्वे अधिनियमाच्या कलम 17 नुसार राज्य सरकार किंवा स्थानिक संस्था खर्च सोसायला तयार असेल तर जादा बांधकाम मागू शकते. खर्च निम्मा-निम्मा वाटून उड्डाणपूल बांधण्यासाठी रेल्वे ‘टीव्हीयू’ हा आकडा पाहते: चोवीस तासांतल्या गाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरच्या वाहनांची एककं. साधारण एक लाखाच्या वर आकडा गेला की फाटक त्या पात्रतेत बसतं.

गोव्यातल्या गावांनी इथे विशेष लक्ष घालायला हवं. या मोजणीत दुचाकी पूर्ण एकक म्हणून धरली जात नाही आणि आपल्याकडे तर घरटी दुचाकी. गर्दी डोळ्यांना दिसते, पण कागदावर आकडा कमी भरतो. म्हणून आपल्या फाटकाची शेवटची मोजणी कधी झाली, त्या दिवशी किती गाड्या आणि किती वाहनं धरली, हेही माहिती अधिकारात मागवा. मोजणी जुनी असेल किंवा शाळांच्या सुटीत झालेली असेल, तर नव्या मोजणीची मागणी ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या आणि मोजणीच्या दिवशी पंचायतीचा एक माणूस तिथे हजर ठेवा.