'पॉवरसेव्ह' लावला म्हणून बॅटरी वाचत नाही

अँड्रॉइड फोनसाठी कस्टम कर्नल (सिस्टिमच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, कुणीतरी बदललेली आवृत्ती) निवडताना एक समज हमखास आडवा येतो: 'पॉवरसेव्ह' गव्हर्नर (प्रोसेसरची फ्रीक्वेन्सी, म्हणजे वेग, ठरवणारा कर्नलमधला भाग) असलेला कर्नल बॅटरी वाचवतो. तसं नाही. हा गव्हर्नर प्रोसेसरला कायम सर्वांत कमी फ्रीक्वेन्सीवर बांधून ठेवतो. चुटकीसरशी होणारं काम रेंगाळतं आणि तेवढा वेळ स्क्रीन, रॅम वगैरे सगळं जागंच राहतं. काम पटकन उरकून प्रोसेसर झोपी गेला, तर बहुतेकदा वीज कमीच लागते. २०१६ साली लिनक्स ४.७ मध्ये (अँड्रॉइडचा कर्नल लिनक्सचाच) आलेला 'शेड्युटिल' गव्हर्नर कामाचा भार बघून फ्रीक्वेन्सी ठरवतो; बहुतेकांना तोच पुरे. (कस्टम कर्नलमधली गव्हर्नरांची लांबलचक यादी ही निव्वळ शोभा.) कर्नल नेमक्या तुमच्या मॉडेलसाठी आणि रॉमसाठी (फोनवर असलेल्या अँड्रॉइडच्या आवृत्तीसाठी) बांधलेला आहे का, ते आधी बघा. नसेल तर फोन बूटही होणार नाही कदाचित. मूळ बूट इमेजचा (कर्नल जिच्यात असतो त्या फाइलचा) बॅकअप हवाच.