स्वादुपिंडाचा कॅन्सर पसरतो तो सुईमुळे नव्हे

‘बायोप्सीची सुई लागली की कॅन्सर अंगभर पसरतो’ हा निरोप ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतच असतो. त्यापायी तपासणी लांबते, हे फार वाईट. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणे आहेत, पण अगदी विरळा. पसरण्याची तयारी जनुकांत वर्षानुवर्षे चाललेली असते. २०१० मधल्या एका अभ्यासाच्या हिशेबाने पहिल्या बिघाडापासून स्वादुपिंडाच्या कॅन्सरची मूळ पेशी घडायला किमान १० वर्षे लागतात आणि तिच्यात पसरण्याची क्षमता यायला आणखी किमान ५.

सुरुवात बहुधा केआरएएस जनुकात होते. ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत तो बिघडलेला असतो आणि ‘वाढा’ हा संदेश बंदच होत नाही. पुढे सीडीकेएन२ए आणि टीपी५३ हे पेशीला आवर घालणारे जनुक निकामी होतात.

खरा विलक्षण प्रकार एसएमएडी४ चा. १८व्या गुणसूत्रावरचा हा जनुक १९९६ मध्ये सापडला. सुमारे निम्म्या रुग्णांच्या गाठींत तो नाहीसा झालेला असतो. टीजीएफ-बीटा हा संदेश पेशीवर आला की एसएमएडी२ आणि ३ ही प्रथिने एसएमएडी४ ला सोबत घेऊन केंद्रकात शिरतात आणि विभाजन थांबवतात. एवढेच नाही. याच संदेशाने पेशी शेजारणींना सोडून सुटी होऊ लागते, पण एसएमएडी४ शाबूत असेल तर केएलएफ५ हे प्रथिन दाबले जाते आणि एकटे उरलेले एसओएक्स४ हे दुसरे प्रथिन त्या पेशीला मारते. एसएमएडी४ नसेल तर केएलएफ५ टिकते, आणि मारणारे तेच एसओएक्स४ गाठ वाढवू लागते. उंदरांत असेही दिसले की एसएमएडी४ ची एक प्रत आधीच गेलेली असताना उरलेली प्रतही गेली की रनएक्स३ हे प्रथिन वाढते आणि पेशी दूर जाऊन रुजतात. रुग्णांच्या शवविच्छेदनांतही एसएमएडी४ गेलेल्या गाठी जास्त दूरवर पसरलेल्या आढळल्या.

लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा पिऊन गुणसूत्राचा गळालेला तुकडा परत येत नाही.

दुसरे मत घ्यायला परळला किंवा खारघरच्या टाटा केंद्रात जाताना नुसता अहवाल नेऊ नका. बायोप्सीचा तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ठोकळा आणि त्याचे काप लावलेल्या काचपट्ट्याही न्या. गाठ यकृतात सापडली आणि मूळ कळत नसेल, तर त्याच ठोकळ्यातून एसएमएडी४ प्रथिन आहे की नाही हे दाखवणारा रंग करता येतो. प्रथिन असेल तर केंद्रक तपकिरी दिसते. ते कोरे दिसले तर पॅथॉलॉजिस्ट आधी आजूबाजूच्या लिम्फोसाइट, म्हणजे हे प्रथिन शाबूत असलेल्या निरोगी पांढऱ्या पेशी पाहतात. त्या तपकिरी असतील तर प्रथिन खरोखर गेले आहे, आणि मूळ स्वादुपिंडात असण्याचा संशय बळावतो. त्याही कोऱ्या असतील तर रंगच फसला, तो पुन्हा करावा लागतो.